केजीत यंदा घालायचं की पुढच्या वर्षी? टप्प्याटप्प्यानं असं ठरवा

मूल तीन वर्षांचं झालं की भेटेल तो विचारतो, "मग, शाळेचं काय ठरलं?" आणि आपण तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकतो. एक म्हणतो लवकर घाला, वर्ष वाचेल. दुसरा म्हणतो कसली घाई, खेळू द्या. दोघांनीही तुमचं मूल फार तर तासभर पाहिलेलं असतं. आमच्या मुलीचा वाढदिवस कट-ऑफ तारखेच्या, म्हणजे प्रवेशासाठी वय ज्या तारखेला मोजतात तिच्या, अगदी तोंडावर येतो, त्यामुळे हा सगळा घोळ आम्ही घरात पुरता घातलेला आहे. त्यातून जी पद्धत हाती लागली ती इथे सांगते.

केजी म्हणजे इथे पहिलीच्या आधीचा वर्ग धरा. कुठे त्याला बालवर्ग म्हणतात, कुठे छोटा शिशु-मोठा शिशु, कुठे रिसेप्शन. कुठे ती दोन वर्षं असतात, कुठे एकच. नावात अडकू नका, पहिलीला किती वर्षं उरली तेवढं बघा.

१. पहिलीपासून उलटं मोजा

बहुतेक पालक मुलाच्या आजच्या वयापासून पुढे मोजत जातात. उलट करा. पहिलीच्या वयाचा नियम साधारणपणे सरकारी असतो आणि लिहिलेला सापडतो. केजीचा नियम पुष्कळदा शाळेगणिक बदलतो.

देशोदेशीचे नियम बघितले की गंमत वाटते. भारतात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ६ ही तीन वर्षं शाळापूर्व शिक्षणाला दिली आहेत आणि सहा पूर्ण झाल्यावर पहिली. अमेरिकेत साधारण पाच पूर्ण झाल्यावर एका वर्षाची केजी. अनेक राज्यांत वय मोजायची तारीख १ सप्टेंबर, पण न्यूयॉर्क शहरात ती ३१ डिसेंबर. इंग्लंडमध्ये चौथ्या वाढदिवसानंतर येणाऱ्या सप्टेंबरात मुलं रिसेप्शनमध्ये बसतात; कायद्याची सक्ती मात्र पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून लागू होते. फिनलंडमध्ये मूल ज्या वर्षी सात वर्षांचं होतं त्या वर्षी शाळा, आणि त्याआधी एक वर्ष पूर्वप्राथमिक. चार काय, सात काय, सगळीकडची मुलं शिकतातच. म्हणजे सगळ्या जगाला लागू पडेल असा एक आकडा शोधत बसू नका. तुम्ही जिथे राहता तिथली व्यवस्था काय म्हणते ते बघा.

कागदावर तीन गोष्टी लिहून काढा:

- पहिलीला किमान वय किती, आणि ते कोणत्या तारखेला पूर्ण हवं. शाळा उघडण्याची तारीख आणि वय मोजायची तारीख वेगळ्या असू शकतात.
- कमाल वयाची अट आहे का. एक वर्ष थांबायचं म्हटलं की हीच आडवी येते.
- नियम सरकारचा आहे की शाळेचा. शाळेचा असेल तर मुख्याध्यापकांशी बोलता येतं. सरकारचा असेल तर खिडकीवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

आता हिशोब. समजा पहिलीला १ सप्टेंबर रोजी सहा पूर्ण हवीत आणि केजी दोन वर्षांची आहे. म्हणजे ज्युनिअर केजीला त्या तारखेला चार पूर्ण. २० ऑगस्टला जन्मलेलं मूल वर्गात बसेल तेव्हा जेमतेम चारचं असेल, आणि शेजारच्या खुर्चीवरचं १० सप्टेंबरचं मूल पाचला टेकलेलं असेल. दोघं एकाच वर्गात, बाईंसमोर एकाच रांगेत.

सापळा: काही शाळा केजीला वयाची फार चौकशी न करता प्रवेश देऊन टाकतात. दोन वर्षांनी पहिलीच्या दारात सरकारी नियम उभा राहतो, आणि मित्र पुढे जात असताना मुलाला पुन्हा सिनिअर केजीत बसावं लागतं. प्रवेश घेतानाच विचारा, "या तारखेच्या मुलाला तुमच्याकडे पहिलीत नक्की घेणार का?" आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी "होऊन जाईल हो" कामाचं नाही.

२. तुमच्यापुढे खरंच प्रश्न आहे का?

वाढदिवस कट-ऑफच्या थोडा नंतर येत असेल तर मूल वर्गातल्या मोठ्यांपैकी असणार. प्रश्न मिटला. वाढदिवस दोन कट-ऑफ तारखांच्या मधोमध कुठेतरी असेल तरी सरळ वेळेवर घाला. डोक्याला ताप करून घ्यायचा तो कट-ऑफच्या आधीच्या साधारण तीन महिन्यांत जन्मलेल्या मुलांच्या पालकांनी.

दोन अपवाद आहेत. मूल वेळेआधी जन्मलेलं असेल, आणि पूर्ण दिवसांनी जन्मलं असतं तर पुढच्या वर्षाच्या गटात गेलं असतं, तर जन्मदाखल्यावरच्या तारखेबरोबर प्रसूतीची अपेक्षित तारीखही विचारात घ्या. शाळेला हे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दुसरा अपवाद मोठ्या आजारपणातून नुकत्याच उठलेल्या, किंवा ज्याची भाषा कानावरून गेलेली नाही अशा प्रदेशात नुकत्याच आलेल्या मुलाचा.

बाकीच्यांनी सरळ सातव्या टप्प्यावर उडी मारली तरी चालेल.

३. एका वर्षानं काय फरक पडतो, काय पडत नाही

चार वर्षांच्या मुलाला बारा महिने म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याचा पाव हिस्सा. सोळा वर्षांच्या मुलाला तेच बारा महिने सोळावा हिस्सा. म्हणून बालवर्गात मोठ्या-लहानांतला फरक डोळ्यांत भरतो आणि वरच्या वर्गांत तो विरत जातो.

विरत जाईपर्यंत मात्र लहान मुलाला त्याचा त्रास होऊ शकतो. २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या मुलांचा एक अभ्यास आला. जिथे कट-ऑफ १ सप्टेंबर आहे तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलांमध्ये एडीएचडीचं (लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा या विकाराचं) निदान दर दहा हजारांत सुमारे ८५ जणांना झालेलं होतं. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांत सुमारे ६४ जणांना. एका महिन्याच्या अंतरानं मेंदूत एवढा फरक पडत नाही. लहान मूल मोठ्यांच्या शेजारी बसलं की ते नुसतं लहान आहे एवढंच कारण असतं, पण दिसतं मात्र 'चंचल'.

डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात वर्षभर उशिरा शाळेत गेलेल्या मुलांमध्ये सातव्या वर्षी चंचलपणा आणि लक्ष न लागणं कमी आढळलं, आणि तो फरक अकराव्या वर्षीही टिकून होता. दुसरीकडे नॉर्वेमध्ये अठराव्या वर्षीच्या बुद्धिमापन चाचण्या तपासल्या, तर शाळा कितव्या वर्षी सुरू झाली याचा परिणाम अगदी थोडा होता, आणि जो होता तो लवकर जाणाऱ्यांच्या बाजूनं.

मी यातून एवढंच घेतलं: थांबल्यानं पहिली काही वर्षं सोपी जाऊ शकतात, पण मूल हुशार होत नाही. 'वर्गात पहिला यावा' म्हणून कोणी थांबणार असेल तर तो बेत सोडून द्यावा.

४. मुलाकडे बघा, अक्षरांकडे नको

घरी पाहुणे आले की मुलाला उभं करून अंक म्हणायला लावतात आणि ते वीसपर्यंत गेलं की "तयार आहे हो!" असं प्रमाणपत्र देतात. अंक आणि अक्षरं शिकवायलाच तर शाळा आहे. शाळा सुरू होताना लागतं ते वेगळंच.

शी-शू. बहुतेक मुलं चौथ्या वर्षापर्यंत दिवसा कोरडी राहायला लागतात. पण वर्गात त्याहून जास्त लागतं: वेळेत सांगणं, चड्डी स्वतः खाली-वर करणं, हात धुणं. बटणांच्या आणि बेल्टच्या पँटी कपाटात ठेवा आणि इलॅस्टिकच्या घ्या, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. अधूनमधून कपडे ओले होणं म्हणजे मूल तयार नाही असं नव्हे.

परक्याला सांगता येणं. चारच्या सुमाराला मुलाचं जवळजवळ सगळं बोलणं अनोळखी माणसाला कळायला हवं. आपल्याला ते कळतंय यावर जाऊ नका, आपण तर त्याच्या खुणाही वाचतो. एखाद्या फारशा ओळखीच्या नसलेल्या मोठ्या माणसाशी त्याला बोलू द्या आणि तुम्ही मध्ये पडून "तो असं म्हणतोय" असं सांगू नका. "पोटात दुखतंय", "त्यानं मला ढकललं" एवढं त्या माणसापर्यंत पोचलं की पुरे.

तुमच्याशिवाय राहणं. दारात रडणं हा निकष नव्हे, पुष्कळ मुलं रडतात. तुम्ही दिसेनासे झाल्यावर किती वेळात शांत होतं, कोणी जवळ घेतलं तर शांत होतं का, हे विचारा.

दोन गोष्टींची सूचना. "चपला कप्प्यात ठेव आणि पिशवी घेऊन ये" हे एकदा सांगून होतं का? घरी होत असेल तर चार मुलांच्या गलक्यातही होतं का?

वाट बघणं. घसरगुंडीच्या रांगेत उभं राहता येतं का, हातातलं खेळणं दुसऱ्यानं घेतलं तर लगेच चावा की आधी तक्रार. (चावा असेल तर घाबरू नका, पण बाईंना आधी सांगून ठेवा.)

हात. मुलं साधारण तिसऱ्या वर्षी गोल काढतात, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, साडेचारच्या आसपास चौकोन आणि पाचव्या वर्षी त्रिकोण. ज्याला अजून चौकोन जमत नाही त्याच्याकडून दोन रेघांमध्ये अक्षरं गिरवून घेणं हा छळ आहे. मूल आळशी नसतं, हात तयार झालेला नसतो.

झोप. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभराची मिळून १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. शाळा दुपारच्या झोपेच्या वेळेवर येत असेल तर ती सगळी झोप रात्री भरून काढावी लागते. सकाळी साडेसहाला उठायचं तर साडेआठला डोळे मिटलेले हवेत, तेव्हा कुठे दहा तास होतात. तुमच्या घरात साडेआठला कोण झोपतं? हा हिशोब प्रवेशाआधी करा.

हे सगळं एका दुपारी तपासायचं नाही. दोनेक आठवडे लक्ष ठेवा, जमलं तर नोंदी करा. पाळणाघरातल्या ताईंना किंवा खेळगटाच्या बाईंनाही विचारा. "तयार आहे का?" असं विचारलं की "हो, आहे की" असंच उत्तर येतं. "गटात गोष्ट चालू असताना काय करते?" असं विचारा, मग खरं कळतं.

आणि एक फार महत्त्वाची गोष्ट. बोलणं अस्पष्ट आहे, सांगितलेलं ऐकत नाही, एकटं एकटं राहतं म्हणून थांबायचा विचार असेल तर आधी कान तपासून घ्या. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्यात मुलाला आवाज दबका येतो. डोळेही तपासा. आळशी डोळ्याचं दुखणं मूल सांगत नाही, कारण दुसऱ्या डोळ्यानं त्याचं भागत असतं. उपचार मात्र लहान वयातच चांगले लागू पडतात. बोलण्याची अडचण असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ गाठा. नुसतं वर्षभर घरी थांबणं हा कशावरच उपचार नाही. अशा मुलांना कित्येकदा वेळेवर शाळेत जाण्याचाच फायदा होतो, कारण कानावर भाषा पडते आणि मदत लवकर सुरू होते.

५. वर्गाकडे बघा

माझ्या मते वयापेक्षा हे मोठं आहे. माझ्या बहिणीचा मुलगाही असाच कट-ऑफच्या तोंडावरचा. त्याला वेळेवर घातलं आणि तो मजेत रुळला, कारण त्या वर्गात अर्धा दिवस खेळ होता, मुलं कमी होती आणि बाईंच्या जोडीला एक मदतनीस होत्या. आमच्यासमोर जी शाळा होती तिथे पहिल्या आठवड्यापासून वह्या होत्या आणि बाई एकट्या. आम्ही थांबलो. दोन्ही निर्णय बरोबर होते असं आजही वाटतं.

प्रवेशाच्या चौकशीला जाल तेव्हा हे विचारा:

- पट किती, आणि वर्गात मोठी माणसं किती?
- सकाळचा पहिला तास कसा जातो?
- लिहायला कधी सुरुवात करता? घरचा अभ्यास असतो का?
- कपडे ओले झाले तर कोण बदलतं? (या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा बघा.)
- सुरुवातीचे दिवस अर्धा वेळ असतात का? पालकाला आत बसू देतात का?
- मध्येच असं वाटलं की मुलाला झेपत नाही, तर खालच्या वर्गात बसवता येतं का?

शाळा पालकांसाठी सजवून ठेवतात त्या दिवशी जाऊ नका, वर्ग चालू असताना जा. आत घेत नसतील तर सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर उभं राहून बघा, पुष्कळ कळतं.

सापळा: "आता नाही घेतलंत तर पुढच्या वर्षी जागा नाही." हे कधी खरं असतं, कधी भीती घालणं असतं. प्रतीक्षायादी कशी चालते ते विचारा, मग ठरवा.

६. थांबायचं ठरलं तर

त्या वर्षाचा आराखडा हवा. घरी पडद्यासमोर बसून काढलेल्या वर्षानं काही साधत नाही. रोज काही तास बरोबरीच्या मुलांमध्ये, मोकळ्या जागेत, कुणीतरी गोष्टी सांगणारं असेल अशा ठिकाणी जाऊ दे. खेळगट, पाळणाघर, जे असेल ते.

पैसा आणि नोकरी या गोष्टी या निर्णयात येतात, आणि त्या उघडपणे बोलाव्यात. आणखी एक वर्ष मुलाला सांभाळणारं कोणी नसेल, तर वेळेवर घालणं हे पूर्ण समर्थनीय कारण आहे. त्याचा कमीपणा वाटायचं काही कारण नाही. मग पाचव्या टप्प्यावर जास्त जोर द्या आणि मऊ वर्ग शोधा.

थांबण्याची दुसरी बाजूही असते. आधीच चुणचुणीत, अंगानं मोठं मूल वर्षभर थांबवलं तर ते लहानांमध्ये कंटाळतं आणि मग तिथे उद्योग करतं.

सापळा: थांबल्यावर मूल नेमकं कुठल्या वर्गात बसणार ते आधी पक्कं करा. काही ठिकाणी वय पुढे गेलं म्हणून मधला वर्ग वगळून थेट वरच्या वर्गात टाकतात. इंग्लंडमध्ये १ एप्रिल ते ३१ ऑगस्टदरम्यान जन्मलेल्या मुलाचे पालक वर्षभर थांबू शकतात, पण पुढच्या वर्षी रिसेप्शनमध्येच बसवा अशी वेगळी विनंती करावी लागते आणि ती मान्य व्हावी लागते. नाही झाली तर मूल थेट इयर वनमध्ये, म्हणजे रिसेप्शनच्या पुढच्या वर्गात जातं. म्हणजे थांबून उलट एक वर्ष कमीच मिळालं.

७. कागदपत्रं

- जन्मदाखला, मुलाच्या नावासकट. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना ते आत्ताच बघा.
- लसीकरणाचं कार्ड. राहिलेला डोस असेल तर फॉर्म भरण्याआधी द्या.
- पत्त्याचा पुरावा, पालकांची ओळखपत्रं, मुलाचे फोटो.
- पालक वेगळे राहत असतील तर ताब्याबद्दलचे कागद.
- अॅलर्जी, फिट्स, दमा असं काही असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी.
- वेळेआधी जन्म झाला असेल तर रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड.
- मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची यादी.

प्रत्येकाच्या दोन-तीन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये एक स्कॅन. मूळ कागद कुणाकडे ठेवून यायचे नाहीत.

जन्मतारीख मागे-पुढे करून देतो असं सांगणारी माणसं भेटतात. हात जोडा आणि निघा. शाळेच्या दप्तरातली तारीख पुढे प्रत्येक परीक्षेत आणि पासपोर्टमध्ये मागे लागते, आणि वर तो खोटेपणा आहे तो आहेच.

८. फॉर्म भरताना आणि नंतर

फॉर्मची शेवटची तारीख शाळा उघडण्याच्या कित्येक महिने आधी असते, आणि या वयात तेवढ्या महिन्यांत मूल ओळखू येणार नाही इतकं बदलतं. त्यामुळे मन ठरत नसेल तरी फॉर्म भरून ठेवा, आणि प्रवेश मिळाल्यावर तो पुढच्या वर्षावर टाकता येतो का, फी परत मिळते का हे आधी विचारा.

घरात दोघांचं एकमत झालं की आजी-आजोबांना एका वाक्यात सांगा आणि चर्चा तिथे थांबवा. मुलासमोर "झेपेल ना रे हिला?" हे नको.

शाळा सुरू झाल्यावर पहिले पाच-सहा आठवडे निर्णय बदलायचा विचारही करू नका. रडणं हळूहळू कमी होतंय का एवढं बघा. सुट्टीनंतरच्या सोमवारी ते पुन्हा वाढतं, ते सोडून द्या. लक्ष ठेवायचं ते याकडे: रात्री दचकून उठणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, फक्त शाळेच्या सकाळी पोट दुखणं, आधी बोलत असलेलं मूल गप्प होणं. महिनाभरानं बाईंना भेटून विचारा की वर्गात ती कुणाशी खेळते आणि कुठल्या वेळी अडते.

पहिलं सत्र संपत आलं तरी घडी बसत नसेल तर अर्ध्या वेळेची सोय मागा किंवा खालच्या वर्गात बसवून घ्या. हे करायचंच असेल तर पहिल्या सत्रातच करा. तेव्हा मुलाच्या दृष्टीनं फक्त खोली आणि बाई बदलतात. वर्ष संपल्यावर केलंत तर सगळे मित्र वर गेले आणि आपण इथेच राहिलो, हे पाच वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं.